जे/३० की कॅटालिना ३०: चाळिशी ओलांडलेल्या दोन बोटींतून एक निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणं मेरीलँडला, बोट ठेवायची अ‍ॅनापोलिसजवळ. गेली तीन वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या बोटींवर बुधवार संध्याकाळच्या शर्यतींत जाताय आणि आता स्वतःची बोट हवी आहे. घरात नवरा, नऊ आणि बारा वर्षांच्या मुली, आणि दर उन्हाळ्यात सांगलीहून तीन महिन्यांसाठी येणारे आई-वडील. समोर शिडाच्या दोन बोटी आहेत: १९८१ ची जे/३० आणि १९८४ ची कॅटालिना ३०. किमती जवळपास सारख्या. बुधवारी शर्यत आणि शनिवार-रविवारी कुठेतरी नांगर टाकून मुक्काम, हे दोन्ही साधायचं तर कोणती घ्यावी?

मी या दोन्ही बोटी बाळगल्या आहेत. आधी नऊ वर्षं कॅटालिना, नंतर अकरा वर्षं जे/३०. शीड पहिल्यांदा हाती धरलं ते कॉलेजात, एनसीसीच्या नौदल विभागातल्या एंटरप्राइज डिंगीवर. पण कील (तळाखालचा शिशाचा जड पंखा) असलेली बोट म्हणजे काय, हे अ‍ॅनापोलिससमोरच्या चेसापीक उपसागरानंच शिकवलं. म्हणून पुढचं सगळं याच पाण्याला धरून आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात, जिथं उन्हाळ्यात दुपार झाली की वीस-पंचवीस नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा ठरलेलाच, तिथल्या कुणी हेच विचारलं असतं तर मी कदाचित उलट सल्ला दिला असता.

माझं उत्तर आधीच सांगतो. जे/३० घ्या, पण तिचं अंग, म्हणजे हल, आतून कोरडं निघालं तरच. ओलं निघालं तर मालकानं किंमत निम्म्यावर आणली तरी तिच्याकडे पाठ फिरवा आणि कॅटालिना घ्या. दोन्हीतली कोणतीही अट ढिली करू नका.

आता कारणं.

या दोन बोटी शेजारी ठेवण्यात मजा अशी की कागदावर त्या सख्ख्या बहिणी वाटतात. जे/३० ची लांबी २९ फूट १० इंच, कॅटालिनाची २९ फूट ११ इंच. पाण्याला टेकणारी लांबी, म्हणजे वॉटरलाइन, दोघींची २५ फूट. नेहमीचा फिन कील असेल तर दोघींना सव्वापाच फूट पाणी लागतं. रुंदीत जे/३० चार इंचांनी जास्तच, ११ फूट २ इंच. शिडाचं मूळ क्षेत्रफळही दोघींचं ४४० ते ४५० चौरस फुटांच्या दरम्यान. फरक आहे तो वजनात. जे/३० साधारण ७,००० पौंडांची, कॅटालिना १०,२०० पौंडांची. आणि त्या वजनात कीलचं शिसं किती? जे/३० मध्ये २,१००, कॅटालिनात ४,२००. बरोब्बर दुप्पट.

तेवढंच शीड, तेवढीच लांबी, पण ३,२०० पौंडांचं ओझं कमी. हा एक फरक नीट समजला की बाकीचं आपोआप कळतं.

२५ फूट वॉटरलाइनच्या बोटीला स्वतःच्या लाटेतून वर निघणं जड जातं. तिचा वेग साधारण ६.७ नॉटला येऊन अडतो. चांगला पंधरा नॉटचा वारा असला आणि बाजूनं येत असला की दोघी तिथंच पोचतात. तेव्हा शेजारून जाणारी कॅटालिना बघून जे/३० वाल्याला आपण जादा काय मिळवलं असा प्रश्न पडू शकतो. खरा फरक दिसतो तो पाच-सात नॉटच्या वाऱ्यात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये चेसापीकला बहुतेक संध्याकाळी तेवढाच वारा असतो. दक्षिणेकडून येणारी ती दमट, आळसावलेली झुळूक तुम्ही तीन वर्षं बघितलीच आहे. अशा वाऱ्यात माझी कॅटालिना दोन-अडीच नॉटनं सरकायची, आणि थोड्या वेळानं आम्ही निमूटपणे इंजिन सुरू करायचो. जे/३० त्याच झुळुकीत चार नॉटनं चालते. १९७४ पासून चालत आलेल्या गव्हर्नर्स कपच्या रात्रभराच्या शर्यतीत मी दोन्ही बोटींनी उतरलो आहे. पहाटे तीनला, पाणी काचेसारखं सपाट असताना, हलकी बोट कुठूनतरी वारा शोधून हलत राहते आणि जड बोट जागच्या जागी शिडं फडफडवत बसते. मग मागून येणारे एकेक दिवे पुढं निघून जातात.

मुक्कामासाठीही हा फरक मोलाचा आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. शनिवारी सकाळी अ‍ॅनापोलिसहून निघून वाय नदीत नांगर टाकायचा असेल, तर शिडावर जायचं की चार तास डिझेलचा आवाज ऐकत जायचं, हे बोटीच्या वजनावरच ठरतं. ‘कॅटालिना फिरण्यासाठी, जे/३० शर्यतीसाठी’ ही ठरावीक वाटणी मला म्हणूनच अर्धवट वाटते. या पाण्यात जी शिडावर जास्त चालते ती फिरण्यालाही चांगली.

पण मग ते अर्धं शिसं गेलं कुठं? ते रेलवर, म्हणजे बोटीच्या काठावर, माणसं होऊन बसलंय. जे/३० ही माणसांच्या वजनावर उभी राहणारी बोट आहे. हिशेब साधा आहे. बोट पंधरा-वीस अंश कललेली असताना कीलमधल्या शिशाचा आडवा हात, म्हणजे बोटीच्या मध्यापासूनचं आडवं अंतर, जेमतेम फूटभर असतो, कारण ते अजून जवळजवळ सरळ खालीच लटकत असतं. रेलवर पाय बाहेर सोडून बसलेल्या माणसाचा हात पाच फूट. म्हणजे पंचाहत्तर किलोची तीन माणसं रेलवर बसली की कॅटालिनाच्या कीलमधल्या जादा ९५० किलो शिशाची भरपाई झाली, वर थोडी शिल्लकही. हे ढोबळ गणित आहे, पण बोटीवर अगदी असंच जाणवतं. सहा जण असतील तर जे/३० अठरा नॉटच्या वाऱ्यात पूर्ण शीड घेऊन ताठ चालते. दोघंच असाल तर बारा-तेरा नॉटलाच ती कलते, सुकाणू जड होतं, आणि कॉकपिटमध्ये (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत) बसलेल्या आईच्या मांडीवरचा डबा घरंगळतो. आणि माणसं हे फक्त थोड्या कलापर्यंतचं शिसं आहे. बोट खूपच आडवी झाली तर माणसांचा उपयोग संपतो, तिथं खऱ्या शिशालाच उत्तर द्यावं लागतं. तिथं कॅटालिना निर्विवाद सरस आहे.

म्हणून तुम्हाला माझा पहिला प्रश्न हाच असता: बुधवारी तुमच्यासोबत नक्की कोण येणार? ‘येऊ बहुतेक’ म्हणणारे सोडून द्या. ते मे महिन्यात येतात आणि जूनमध्ये त्यांच्या मुलांचे सॉकरचे सामने सुरू होतात. तुम्ही लिहिलंय की दोघी मैत्रिणी पक्क्या आहेत आणि मोठी मुलगी हट्टानं येणार. मुलगी धरून चार जणी. चेसापीकच्या उन्हाळी बुधवारी चार माणसं जे/३० ला पुरतात. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या जोराच्या वाऱ्यात पुरणार नाहीत. तेव्हा मोठा जेनोआ (पुढचं मोठं शीड) पिशवीतच ठेवा, लहान जिब (पुढचं छोटं शीड) लावा आणि लाज न बाळगता मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, रीफ करा, म्हणजे आखूड करा. तेवढ्यानं शर्यत हरलात तरी बोट हातात राहील, आणि पुढच्या बुधवारी त्याच मैत्रिणी परत येतील.

शिडांच्या रचनेतही एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. जे/३० ची रिग (डोलकाठी आणि तारांची मांडणी) फ्रॅक्शनल, म्हणजे पुढची तार डोलकाठीच्या टोकाला न जाता थोडी खाली बांधलेली. मागची तार आवळली की डोलकाठीचं टोक मागं वाकतं आणि मेनसेल ताटासारखं सपाट होतं. बोट लगेच शांत होते. एका दोरीत हे काम होतं. मोठ्या मेनसेलवर आणि छोट्या जिबवर ही बोट छान चालते, दोघांनाही आवरते. कॅटालिनाची रिग मास्टहेड, म्हणजे पुढची तार थेट टोकाला. तिचं इंजिनच पुढचा मोठा जेनोआ. वाऱ्यावर चढताना दर वळणाला तो एवढा पसारा डोलकाठीपुढून फिरवून विंचच्या चरकावर आवळायचा म्हणजे दंडात ताकद हवी. माझ्या नऊ वर्षांतल्या खांदेदुखीचं कारण तेच होतं. कॅटालिनाची उंच डोलकाठीची आवृत्तीही मिळते, हलक्या वाऱ्यात ती बरी. पण तुमच्या समोरची नेहमीच्या डोलकाठीची आहे.

सुकाणूबद्दल एवढंच: जे/३० ला टिलर (हातानं ढकलायचा दांडा) आहे आणि सुकाणू मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं. बिजागऱ्या डोळ्यांना दिसतात, हिवाळ्यात काढून गॅरेजमध्ये नेता येतं. टिलरवर मुली आठवड्यात शिकतील, कारण पाण्याचा ताण थेट तळहातात येतो. कॅटालिनाला व्हील असेल. दिसतं रुबाबदार, पण खालच्या तारा आणि पुल्या कुणी शेवटच्या कधी बघितल्या ते विचारा.

आता आई-वडिलांकडे येतो, कारण कॅटालिनाच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा तो आहे. कॅटालिना ३० कंपनीचे संस्थापक फ्रँक बटलर यांनी कुटुंबासाठीच काढली. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून २००८ पर्यंत सहा हजारांवर बोटी निघाल्या, त्या उगाच नाही. आत उतरलात की सव्वासहा फूट उंची, प्रशस्त स्वयंपाकाचा ओटा, जेवणाचं टेबल ज्याभोवती खरंच पाच माणसं बसतात, इंजिनच्या उष्णतेवर तापणारं पाणी. माझ्या आईनं त्या बोटीवर साबुदाण्याची खिचडी केली होती, सेंट मायकल्सच्या बंदरात, आणि तिला एकदाही ‘हे कुठं ठेवू’ असं विचारावं लागलं नाही. जे/३० मध्ये सहा फुटी माणसाचं डोकं छताला लागतं, ओटा लहान, आणि सामान ठेवायला जागा शोधावी लागते. चार जणांना झोपायला अडचण नाही. सहा जणांना आहे.

पण दिवस मोजा. कागद घेऊन बसा आणि खरे दिवस मोजा. बुधवारच्या शर्यती पंधरा-अठरा. लांबच्या शर्यती दोन-तीन. तुम्ही चौघं मुक्कामाला जाणार ते सहा-सात शनिवार-रविवार. आणि आई-वडील बोटीवर किती वेळा? माझ्या अनुभवात सत्तरीच्या माणसांना तीन महिन्यांत चार-पाच वेळा पुरे होतं, आणि तेही सकाळी निघून दुपारी परत. रात्रीचा मुक्काम एखादाच, कारण बोटीतला संडास हाताच्या पंपाचा असतो आणि जुलैच्या रात्री वारा पडला की आत घुसमटतं. त्या चार-पाच दिवसांसाठी बाकीच्या तीसेक दिवसांची बोट बदलू नका. हां, तुमच्या नवऱ्याचं मत वेगळं असेल तर ते ऐका. तुम्ही लिहिलंय की त्यांना शर्यतीत रस नाही, पुस्तक घेऊन सावलीत बसायला आवडतं. जे/३० च्या कॉकपिटमध्ये मुक्कामाला बूमवरून (मेनसेलखालच्या आडव्या दांडीवरून) मोठी ताडपत्री टाका. टिलर उभा करून बांधला की बसायला कॅटालिनाएवढीच जागा होते.

इथवर सगळं बोटीच्या आराखड्याबद्दल झालं. पण चाळीस वर्षांच्या बोटीत आराखड्यापेक्षा पाणी कुठं शिरलंय हे महत्त्वाचं, आणि इथं दोघींची जात वेगळी आहे.

जे/३० चा आराखडा रॉड जॉन्स्टन यांचा, त्यांच्या जे/२४ या छोट्या बोटीनंतरचा. ऱ्होड आयलंडमध्ये टिलॉटसन-पिअरसन कंपनीनं ती १९७९ पासून बांधली, साडेपाचशेच्या आसपास. तिचं डेकच नव्हे, पाण्यात बसणारं अंगसुद्धा तीन थरांचं आहे: बाहेर फायबरग्लास, मधे बॉल्सा हे हलकं लाकूड, आत पुन्हा फायबरग्लास. बॉल्साचे ठोकळे उभ्या धाग्याचे लावलेले, म्हणजे लाकडाच्या शिरा फायबरग्लासच्या एका कातडीकडून दुसरीकडे जातात. याच्यामुळे बोट हलकी, ताठ, आणि थंडीत आतून घाम न सुटणारी झाली. चांगल्या ठेवलेल्या जे/३० चाळीस वर्षांनी आजही अगदी ताठ आहेत. शिरा उभ्या असल्यामुळे पाणी आडवं लवकर पसरत नाही, हाही गुण. पण एखाद्या मालकानं स्टँचन (काठावरच्या कठड्याचे खांब) बसवायला, वेगमापकासाठी किंवा बिल्जच्या (बोटीच्या तळातल्या) पंपाचा पाइप काढायला भोक पाडलं आणि कडेचं लाकूड बंद केलं नाही, तर तिथून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. मेरीलँडच्या हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं, कातडी सोडवतं. मग पुढच्या हिवाळ्यात थोडं आणखी.

माझ्याच बोटीची गोष्ट सांगतो. फेब्रुवारीत, बोट यार्डात स्टँडवर असताना घेतली. बोट तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालात डेक ‘सर्वत्र घट्ट’ असं लिहिलेलं. पैसे देऊन झाल्यावर एका दुपारी मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीनं डेक वाजवत बसलो. टण, टण, टण, आणि डाव्या बाजूच्या तिसऱ्या स्टँचनपाशी धप. हातभर अंतरावर पुन्हा टण. स्टँचनचे चार बोल्ट काढले. तिसरा निघताना भोकातून कोऱ्या चहासारखं पाणी ओघळलं, आणि मागोमाग कुजक्या पेंढ्याचा वास आला. वाकवलेली तार आत घालून खरवडली तर बॉल्सा लगद्यासारखा बाहेर आला. वरची कातडी दोन फूट बाय सव्वा फूट कापली, सगळा सडलेला भाग काढला, छोटा हीटर आणि पंखा लावून तीन आठवडे वाळवलं, नवा बॉल्सा एपॉक्सीत बसवला, वर काच-कापडाचे थर. पाच शनिवार-रविवार गेले. त्यानंतर त्या बोटीवरचं एकेक भोक मी मोठं करून घट्ट एपॉक्सीनं भरलं आणि मग त्या एपॉक्सीतून नवं भोक पाडलं. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण जे/३० घ्यायची तर पहिल्या हिवाळ्यात हेच करायचं.

डेकमधला दोन फुटांचा ओला तुकडा घरी दुरुस्त होतो, म्हणून तेवढ्यावरून बोट नाकारू नका. किंमत कमी करून घ्या. वॉटरलाइनखालच्या अंगात ओलं निघालं तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं कातडी उघडायची, वाळवायची, पुन्हा आकार जुळवायचा, घासून गुळगुळीत करायचं. यार्डाकडून करून घेतलंत तर बिल बोटीच्या किमतीच्या पुढं सहज जातं. माझी अट म्हणूनच तिथं ताठर आहे. कील बसतो तो पट्टा, जुने-नवे सगळे थ्रू-हल (अंगातून आरपार जाणारी पाण्याची तोंडं), वेगमापकाचं भोक, आणि स्टँडचे पॅड ज्या जागी टेकतात त्या जागा: एवढ्या ठिकाणी सर्व्हेअरसोबत उभं राहा. ओलाव्याचं मीटर तांबं असलेल्या बॉटम पेंटवर (तळाच्या रंगावर) फसवतं, आणि कालच पाण्यातून काढलेली बोट सगळीकडे ओलीच दाखवते. काही ठिकाणी पेंट खरवडून वाचन घ्यायला सांगा. हातोडीचा आवाज आणि मीटर दोन्ही एकाच जागेकडे इशारा करत असतील तर ते खरं माना.

शर्यतीत वापरलेल्या बोटीत आणखी एक बघायचं: बल्कहेड, म्हणजे आतल्या आडव्या भिंती, अंगाला ज्या फायबरग्लासच्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात त्या सुटल्यात का. टॉर्च घेऊन कपाटांच्या आत, कोपऱ्यांत बघा. आणि चेनप्लेट, जिथं डोलकाठी धरणाऱ्या तारा डेकमधून खाली उतरतात, तिथं आतल्या लाकडावर तपकिरी ओघळ असेल तर पाणी वर्षानुवर्षं येतंय. माझ्या बोटीवर तो होता आणि मी पहिल्या वर्षी तो डाग समजून पुसला. ते चुकलं, दुसऱ्या वर्षी प्लेट काढली तेव्हा मागचं प्लायवुड हाताच्या बोटानं दबत होतं.

कॅटालिनाचं अंग भरीव फायबरग्लासचं. मधे लाकूड नाही, त्यामुळे वॉटरलाइनखाली ती धास्ती नाही. फक्त डेकमध्ये प्लायवुड आहे. म्हणूनच ती दुर्लक्ष सहन करते. पण तिचेही ठरलेले आजार आहेत. कील आणि अंग यांच्या सांध्यावर, पुढच्या बाजूला आडवी भेग दिसते. इथं तिला ‘कॅटालिनाचं हसू’ म्हणतात. केसाएवढी असेल तर बोल्ट आवळून, सांधा साफ करून भरता येते. पाणी झिरपून गंज ओघळत असेल तर कीलचे बोल्ट काय अवस्थेत आहेत ते कळल्याशिवाय पुढं जाऊ नका. जुन्या बोटींत कीलवरच्या भागात आतून लाकूड घातलेलं आहे. ते भिजून मऊ झालं की बोल्ट आवळले तरी ढिले पडतात.

दुसरा आजार डोलकाठीखालचा. कॅटालिनाची डोलकाठी डेकवर उभी आहे आणि तिचा भार आतला एक खांब खाली तळाशी पोचवतो. त्या खांबाखालचा ठोकळा बिल्जच्या पाण्यात राहून कुजतो, खांब खाली बसतो, डेक दबतं. ओळखायची खूण सोपी: संडासाचं दार नीट लागतं का बघा. अडकत असेल, घासत असेल, कुणी वरून रंधा मारलेला दिसत असेल, तर ठोकळा गेलाय. काम होण्यासारखं आहे, फार महागही नाही, पण डोलकाठीचा ताण काढूनच करायचं.

तिचं युनिव्हर्सल डिझेल कुबोटाच्या इंजिनवर बेतलेलं, दणकट. मात्र इंजिनपासून कॉकपिटच्या पॅनेलपर्यंतच्या वायरिंगमध्ये ट्रेलरच्या दिव्यांना असतात तसले जोड आहेत, आणि चार्जिंगचा सगळा प्रवाह पॅनेलवरच्या अँमीटरमधून फिरून येतो. चाळीस वर्षांनी ते जोड तापतात. वितळलेलं प्लॅस्टिक दिसलं तर बोट पाण्यात टाकण्याआधी बदला, पुढच्या वर्षावर टाकू नका. आग लागण्याचं ते खरं कारण आहे. जुने पितळी गेट-व्हॉल्व्ह असतील तर तेही. जे/३० ला यानमारचं दोन सिलिंडरचं डिझेल असेल. बाहेरच्याच पाण्यानं थंड होणारं असेल तर थर्मोस्टॅट आणि एग्झॉस्टचा कोपरा काढून आत क्षारांनी किती चोंदलंय ते बघा.

हँडिकॅपचं विचारलंत. पीएचआरएफमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या बोटींना मैलामागे काही सेकंदांची सूट देणाऱ्या पद्धतीत, प्रदेशागणिक आकडा थोडा बदलतो, पण जे/३० साधारण १४० च्या आसपास आणि नेहमीच्या डोलकाठीची कॅटालिना १८० च्या आसपास बसते. म्हणजे मैलामागे चाळीसेक सेकंद. सहा मैलांच्या शर्यतीत जे/३० नं कॅटालिनाला चार मिनिटं द्यायची. कागदावर न्याय्य आहे. पण हलक्या वाऱ्यात कॅटालिना त्या आकड्याइतकीही चालत नाही, आणि स्वच्छ बॉटम, चांगली शिडं हे त्या आकड्यात गृहीत धरलेलं असतं. अ‍ॅनापोलिसला जे/३० चा वेगळा वर्ग वर्षानुवर्षं शर्यतीत उतरत आलाय. हँडिकॅपच्या गणिताशिवाय, सारख्याच बोटींशी नाळेला नाळ (पुढच्या टोकाला टोक) लावून, स्पा क्रीकच्या तोंडाशी शेवटची रेषा गाठणं याची गोडी निराळी आहे. आणि त्या वर्गातली मंडळी तुम्हाला बोटीबद्दल जे सांगतील ते कोणत्याही सर्व्हेअरला माहीत नसतं. कॅटालिना घ्यावी लागली तर स्पिनेकरशिवायच्या (मागून वारा घेणाऱ्या फुग्यासारख्या शिडाशिवायच्या) गटात उतरा; तिथं तिला तिच्यासारखे प्रतिस्पर्धी मिळतात आणि पंधरा नॉटच्या वाऱ्यात ती जिंकते. मी जिंकलोय.

जुलैच्या दुपारच्या वादळांचं एक सांगायचं राहिलं. आपल्याकडच्या वळवासारखंच: पश्चिमेला आभाळ निळं-काळं होतं, वारा अचानक पडतो, पाणी शिशाच्या रंगाचं दिसायला लागतं. थॉमस पॉइंटच्या दीपगृहापाशी मी असा एकदा जे/३० वर पत्नीसोबत दोघंच होतो. वारा पडला त्याच क्षणी मेनसेल खाली घेतलं, बांधलं, जिब उतरवलं. दहा मिनिटांनी पहिला झोत आला तेव्हा नुसत्या डोलकाठीवरच बोट वीस अंश कलली. कॅटालिनावर तशाच वादळात आम्ही जिबचा रुमालभर तुकडा ठेवून निघालो होतो आणि बोट कुरकुरली नव्हती. हलकी बोट घेताना हे मान्य करून घ्या: तिच्यावर निर्णय दहा मिनिटं आधी घ्यायचा. मुलींनाही पहिल्या महिन्यातच शिकवा की आभाळ बघणं हे त्यांचं काम आहे.

चाचणीला बोट पाण्यात नेताना नुसता वेग बघू नका. मोठा जेनोआ लावून कडक वाऱ्यात बोट कलती करा, आणि तेव्हा आत जाऊन संडासाचं दार, कपाटांची दारं उघडून-मिटून बघा. जी कलल्यावर अडकतात ती आतली बांधणी हलत असल्याचं सांगतात. बिल्जमध्ये टॉर्च मारा. निघताना कोरडं होतं तिथं आता ओलं आहे का बघा. इंजिन अर्धा तास पूर्ण जोरात चालवून तापमानाचा काटा कुठं थांबतो ते टिपून ठेवा. शिडं कोणत्या वर्षाची आहेत ते पिशव्यांवर नव्हे, शिडाच्या कोपऱ्यावर बघा. नवा मेनसेल आणि जिब घ्यावा लागला तर तो खर्च बोटीच्या किमतीत धरूनच दोघींची तुलना करा. तारांचं रिगिंग शेवटचं कधी बदललं याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेलं नाही असं समजा.

आई-वडील जूनमध्ये येतात म्हणालात. अंगाचा सर्व्हे मार्चमध्ये, बोट स्टँडवर असताना आणि यंदाचा बॉटम पेंट लागायच्या आत उरकून घ्या. चाचणी एप्रिलमध्ये, बोट पाण्यात गेल्यावर. करारात ‘सर्व्हे आणि चाचणी समाधानकारक असल्यास’ हे वाक्य असल्याशिवाय अनामत देऊ नका. अहवाल हाती आला की त्यातला अंगाच्या ओलाव्याचा भाग आधी वाचा, बाकी नंतर.